संपलेली किंवा सुरू न झालेली

उबाळेशेठच्या कॉम्प्युटरवर डिजिटल सही बसली की अंकुश जगदाळेला मिळणार काय होतं? तर संध्याकाळपासून त्याला कोणी ‘शेठचा मेहुणा’ म्हणणार नव्हतं, भागीदार म्हणणार होतं. बस, एवढंच. कुणाला हा नफा किरकोळ वाटेल. सोळाव्या वर्षापासून ज्यानं दुसऱ्याच्या नावाच्या मांडवाचे खांब रोवले, त्याला तो किरकोळ वाटत नव्हता.

शेठचा नफा मोठा होता. नगरपालिकेच्या जत्रेचा मांडव, लाइट, खुर्च्या, असं सलग तीन वर्षांचं काम. आणि वर मेहुणा जन्माचा बांधलेला. अंकुश स्वतःचा धंदा काढणार अशी कुजबुज गावात होती. तो गेला तर निम्मे कामगार त्याच्या मागे जातील, हे शेठना इतर कुणाहीपेक्षा जास्त कळत होतं. म्हणून त्यांनी बायकोसमोर आणि माझ्यासमोर शब्द दिला होता, “टेंडर भरलं की त्याच संध्याकाळी भागीदारीच्या कागदावर सह्या.” कागद मी टाइप करून बॅगेत आणला होता. मी त्या काळी गावातल्या काही दुकानांचे टॅक्सचे कागद करायचो, आणि तेवढ्या भांडवलावर सगळे मला वकीलसाहेब म्हणायचे. मीही कधी दुरुस्ती केली नाही. माझा नफा म्हणजे कराराची फी आणि संध्याकाळचं जेवण.

राहिला मोहसीन तांबोळी. तो जिल्ह्याच्या गावाहून मोटारसायकलवर आला होता. टेंडर कागदावर भरायचे दिवस नुकतेच संपले होते. आता ते कॉम्प्युटरवर भरायचं आणि सही करायला पेनाऐवजी पेनड्राइव्हसारखं एक टोकन लावायचं. टोकनात सहीचं प्रमाणपत्र. ते विकायचं आणि गिऱ्हाइकाच्या कॉम्प्युटरवर बसवून द्यायचं, हा मोहसीनचा धंदा. एक शेठ खूश झाला की त्याच्या ओळखीचे आणखी चार शेठ मिळतात, हा त्याचा हिशेब.

आम्ही चौघे गोदामाच्या पुढच्या खोलीत होतो. मागे गालिच्यांच्या गुंडाळ्या, झालरींची गाठोडी, एकात एक घातलेल्या लाल खुर्च्यांचे मनोरे, आणि दमट कापडाचा वास. पुढे टेबलावर कॉम्प्युटर. लक्ष्मीपूजनाला शेठ वह्यांबरोबर त्याचीही पूजा करायचे. पडद्याच्या उजव्या खालच्या कोपऱ्यात त्यांनी स्वतःच्या हातानं लक्ष्मीचं काडेपेटीएवढं स्टिकर चिकटवलेलं होतं. ते बघून मोहसीननं चपला बाहेर काढल्या. गिऱ्हाईक ओळखणारा माणूस.

दुपारी तीनला टेंडर बंद होणार होतं. सकाळचा चहा झाला होता.

मोहसीननं टोकन लावलं. शेठनी आम्हा सगळ्यांना माना फिरवायला लावून पासवर्ड घातला. पडद्यावर लाल फुली असलेली एक चौकट आली. आतला मजकूर इंग्रजी होता, तो मोहसीननं मराठीत सांगितला.

“या प्रमाणपत्राची मुदत संपलेली आहे किंवा अजून सुरू झालेली नाही.”

“काय संपलेली?” शेठ म्हणाले.

“मुदत. पण ते ‘किंवा’ म्हणतंय, शेठ.”

“किंवाचं सोड. संपलेली म्हणतंय ना?” शेठनी मान वळवून अंकुशकडे पाहिलं. जिल्ह्याला जाऊन टोकन अंकुशनं आणलं होतं. “काय रे, बघून घेतलं नव्हतंस? वांगी आणताना तरी दाबून बघतोस का नाही?”

“दाजी, त्याला काय दाबायचं? पाकीटबंद होतं.”

“पाकीटबंद फरसाण पण खवट निघतं.”

मोहसीननं बॅगेतून कागद काढला. “शेठ, हे बघा. मागच्या आठवड्यात निघालंय, दोन वर्षं चालणार. माल ताजा आहे.”

“मग हे यंत्र खोटं बोलतंय?”

“खोटं नाही. साखळी अडकली असंल. वर सरकारचं प्रमाणपत्र, त्याच्याखाली आमच्या कंपनीचं, त्याच्याखाली तुमचं. वरचं एक जरी बसलेलं नसलं तरी खालच्याला हा मानत नाही.”

“म्हणजे आमच्या घरासारखं,” अंकुश म्हणाला. “वरच्यानं मान हलवल्याबिगर खालच्याला किंमत नाही.”

मी हसलो. शेठ हसले नाहीत.

मोहसीननं साखळी काढली, परत बसवली. टोकनचं सॉफ्टवेअर काढलं, परत घातलं. कॉम्प्युटर बंद करून चालू केला. दर वेळी शेठ आम्हाला माना फिरवायला लावायचे आणि दर वेळी तीच चौकट यायची. शेवटी शेवटी तर ती यायच्या आधीच अंकुश म्हणाला, “आली बघा पाहुणी.”

“तुला मजा वाटतीय?”

“मग काय रडू?”

“रडायची वेळ माझी आहे. तुझं काय जातंय!”

मोहसीननं कंपनीच्या मदतीच्या नंबरला फोन लावून तो स्पीकरवर ठेवला. बराच वेळ गाणं वाजलं आणि मग एक बाई आल्या. त्यांनी हिंदीतून नाव विचारलं, टोकनचा नंबर विचारला, मग म्हणाल्या, “सिस्टम की डेट क्या है, सर?”

मोहसीन पडद्याकडे वाकणार तेवढ्यात शेठनी भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघून खणखणीत उत्तर दिलं, “चौदा! गुरुवार! पूनम परसों है.”

“ओके सर, डेट ठीक है,” बाई म्हणाल्या, आणि त्यांनी साखळी काढून परत बसवायला सांगितली.

फोन ठेवल्याबरोबर शेठचा मोबाइल वाजला. बाईंनीच परत केला असं समजून त्यांनी तोही स्पीकरवर टाकला.

“अहो, झालं का?” आवाज शालनवहिनींचा होता, म्हणजे शेठच्या बायकोचा. मागे कुकरची शिट्टी. “अंकुश आहे ना तिथं? त्याला सांगा, रेखाला अन् पोरांना मी चारलाच बोलावलंय. चिमी म्हणती, आत्या, पप्पांचं नाव बोर्डावर लिहिताना मला बघायचंय. पेंटरला सांगितलंय ना तुम्ही?”

“अजून काही झालं नाही. ठेव.”

“अन् वकीलभाऊजींना म्हणावं, घरून जेवून येऊ नका. मी कटाची आमटी...”

शेठनी फोन बंद केला.

शालनवहिनी अंकुशची थोरली बहीण, रेखा त्याची बायको. उबाळ्यांना मूलबाळ नव्हतं. अंकुशची चिमी आणि धाकटा ओम शनिवारी शाळा सुटली की थेट आत्याकडे यायची, ती रविवारी रात्री परत जायची. त्या दोन दिवसांत शेठ स्वतः बाजारातून जिलबी आणायचे आणि आणताना ती पिशवीत लपवायचे, जणू काही चोरीचा माल. मूल नसणं ही त्या माणसाची दुखरी जागा होती. ती झाकायला म्हणून ते एवढ्या मोठ्यानं बोलतात, असा माझा जुना अंदाज.

जेवायची वेळ टळून गेली. मोहसीन घाम पुसत म्हणाला, “शेठ, बाजारात सायबर कॅफे आहे. तिथल्या मशीनवर आत्ता बसवून देतो. टेंडर भरून टाकू.”

“सायबरचं नाव काढायचं नाही.”

मोहसीनला कारण माहीत नव्हतं. गेल्या वर्षी शेठनी एक टेंडर सायबर कॅफेतूनच भरलं होतं, आणि पलीकडच्या तालुक्यातल्या साबळे नावाच्या मांडववाल्यानं यांच्यापेक्षा किंचित कमी दर टाकून ते काम नेलं होतं. इतका किंचित कमी, की यांच्या मांडीला मांडी लावून बसून भरल्यासारखा. म्हणून या वर्षी घरचा कॉम्प्युटर, घरचं टोकन आणि फिरवलेल्या माना.

“सायबरवाल्यानं दर फोडला असं आपण म्हणतोय,” शेठ सावकाश बोलू लागले. ते सावकाश बोलू लागले की मी खुर्ची थोडी मागे घ्यायचो. “पण तो फक्त बटणं दाबत होता. दर ठरवताना दोघंच होतो. एक मी.”

अंकुश जागचा हलला नाही. “बोला की पुढं, दाजी. थांबला का?”

“अन् आता टोकनबी तूच आणलंस. नेमकं तेच चालत नाही.”

“शेठ, टोकनचा अन् यांचा काही...” मोहसीन मध्ये पडला.

“तू गप. तू विकणारा. तुझा काय भरवसा? साबळेलाबी तूच विकलं असशील.”

“विकलंय की,” मोहसीन म्हणाला. “त्यांचं चालतंय.”

उत्तर खरं होतं. पण त्या क्षणाला खोटं बोलला असता तरी चाललं असतं.

“ऐकलंत? साबळेचं चालतंय, माझं चालत नाही. वकीलसाहेब, तुम्ही हिशेबातले. मांडा आता.”

“शेठ, यात मांडण्यासारखं अजून काही नाही,” मी म्हणालो. “आधी सही बसू द्या.”

“ती बसू नये म्हणून तर चाललंय हे सगळं!”

“मला सही बसायला नकोय?” अंकुश उठून उभा राहिला. “माझ्या भागीदारीचा कागद त्या बॅगेत आहे. टेंडर बुडालं तर कागद बुडतो. माझा कागद मीच बुडवीन?”

मुद्दा बिनतोड होता. शेठनाही तो दिसला; मी त्यांच्या डोळ्यांकडे बघत होतो. पण मुद्द्याला उत्तर नसलं की शेठ मुद्दा सोडून माणसाला धरायचे.

“साबळेनं तुला अर्धी भागी देऊ केली असंल. इथं चार आण्याची आहे.”

“चार आणे तुम्ही ठरवले. मी तोंडानं मागितलेत कधी? सभेच्या मांडवावरनं पडलो, मांडी मोडली, तेव्हा दवाखान्यात काय म्हणालात? घरच्या माणसाला कसली भरपाई! तेव्हा घरचा होतो. आज चोर झालो.”

“घरचाच होतास. दहावी नापास होऊन बहिणीच्या पदराला धरून आलास. माझ्या ताटात जेवलास.”

“जेवलो तेवढं खांब रोवून फेडलं.”

“फेडलं? वा! ऐका, वकील, यानं फेडलं!”

मोहसीन फोन कानाला लावून भिंतीकडे तोंड करून उभा होता. गाणं पुन्हा वाजत होतं. मी घड्याळाकडे बोट दाखवलं, पण दोघांपैकी एकालाही आता घड्याळ दिसत नव्हतं.

“तू इथं का टिकून राहिलास, ते मला कळत नाही होय?” शेठ म्हणाले. “मला मूल नाही. माझ्या मागं हे गोदाम, हे गालिचे, सगळं तुझ्या पोरांना. म्हणून दर शनिवारी आत्याकडं पाठवून देतोस त्यांना. जागा धरायला.”

अंकुशचा चेहरा पांढरा पडला. त्याला राग आला की तो लाल व्हायचा, हे मला माहीत होतं. पांढरा झालेला मी पहिल्यांदाच पाहत होतो.

“जागा धरायची काय गरज, दाजी?” तो म्हणाला. “तुमच्या मागं दुसरं आहे कोण?”

हळू आवाजात म्हणाला. ओरडला असता तर रागाच्या भरात बोलला असं नंतर म्हणता आलं असतं.

शेठनी टेबलाची कड धरली. तेवढ्यात मोहसीनच्या फोनवरचं गाणं थांबलं. या वेळी पलीकडे एक पुरुष होता. त्यानं सगळं पुन्हा ऐकून घेतलं आणि विचारलं, “सिस्टम की डेट?”

“वो तो बता दी थी, सर. चौदा.”

“स्क्रीन देखकर बताइए. नीचे, राइट साइड में.”

मोहसीन वाकला. उजवीकडे खाली लक्ष्मी होती.

“शेठ,” तो अवघडून म्हणाला, “लक्ष्मी जरा बाजूला घेऊ का?”

“हात लावायचा नाही.”

“तिच्यामागं तारीख आहे. ती बघायचीय.”

“तारीख सांगितली ना एकदा?”

“ती तुमची झाली. याची बघायचीय.”

आणि मग उबाळेशेठचा आवाज एकदम खाली आला. इतका खाली, की मला पुढे झुकावं लागलं.

“त्याची वेगळी असते,” ते म्हणाले.

अंकुश पुढे झाला, नखानं स्टिकरची कड उचलली आणि लक्ष्मी अलगद सोलून काढली. मागच्या काचेवर डिंकाचा पिवळा चौकोन, आणि चौकोनात तारीख. एक जानेवारी, तीही पाच-सहा वर्षांपूर्वीची.

मोहसीननं फोनवरच्या माणसाचे आभार मानले आणि फोन ठेवला. “आतला सेल मेलाय,” तो म्हणाला. “मशीन बंद केलं की तारीख मागं जाती. याच्या हिशेबानं तुमचं प्रमाणपत्र अजून निघालेलंच नाही. ते ‘संपलेली’ म्हणत नव्हतं, शेठ. ‘सुरू झालेली नाही’ म्हणत होतं.”

“सेल?” अंकुश म्हणाला. “दिवाळीच्या साफसफाईत मी नवीन सेल आणला होता. बसवू दिला नाहीत. म्हणालात, राहू दे, जुना सवयीचा झालाय.”

 बसवू का दिला नाही, ते मोहसीननं सांगितलं. त्यानं पडद्यावरचं हिशेबाचं सॉफ्टवेअर उघडून पाहिलं होतं. ते विकतचं नव्हतं. तीस दिवस फुकट वापरून बघा, आवडलं तर घ्या, अशा कराराचं होतं. मेलेल्या सेलमुळे दर सकाळी कॉम्प्युटरवर एक जानेवारी उजाडायची. सॉफ्टवेअरचा दर दिवस पहिलाच दिवस. तीस काही भरायचे नाहीत. हा शोध शेठना आपोआप लागला होता, आणि लागल्यावर तो बिघडू नये म्हणून त्यांनी सेल बदलू दिला नव्हता, आणि चुकीची तारीख येणाऱ्याजाणाऱ्याच्या नजरेला पडू नये म्हणून वर लक्ष्मी बसवली होती. आम्ही पावत्यांवरच्या तारखा हातानं घालायचो, ते मला माहीत होतं. मला वाटायचं, शेठना यंत्रावर विश्वास नाही.

“सकाळी त्या बाईंनी विचारलं तेव्हा...” मी म्हणालो.

“मला वाटलं, आजची विचारतायत,” शेठ म्हणाले.

मोहसीननं तारीख बदलली. चौदा केली, वर्ष केलं, वेळ केली. लगेच हिशेबाच्या सॉफ्टवेअरनं एक चौकट वर आणली, की आपले तीस दिवस संपले आहेत. तिच्याकडे कुणी पाहिलं नाही. शेठनी पासवर्ड घातला. या खेपेला माना फिरवा असं ते म्हणाले नाहीत आणि कुणी फिरवल्याही नाहीत. पाहुणी आली नाही. एकेका कागदाखाली ‘रंगनाथ ज्ञानोबा उबाळे’ अशी सही उमटत गेली, आणि तीनच्या बऱ्याच आधी टेंडर भरल्याची पोच पडद्यावर आली.

“झालं,” मोहसीन म्हणाला. त्यानं वायरी गुंडाळल्या. चहाला विचारण्याआधीच “नको शेठ, उशीर झाला” म्हणाला आणि चपला नीट न घालताच मोटारसायकलवर बसला.

आम्ही तिघे राहिलो.

“काढा तो कागद, वकीलसाहेब,” शेठ म्हणाले.

मी काढला. शेठनी खिशातलं पेन घेऊन सही केली. ती एका झटक्यात झाली. तिला कसलीही साखळी लागली नाही. मग कागद अंकुशकडे सरकवला.

अंकुशनं तो वाचला. स्वतःचं नाव आलं तिथे थांबला, पुढे गेला, परत मागे येऊन थांबला. मी त्याच्यापुढे पेन धरलं. त्यानं ते हातात घेतलं, टोपण काढलं, आणि परत लावलं.

“चोराला भागीदार करू नये, दाजी.”

“मी शब्द दिला होता. पाळला.”

“आज तुम्ही लई शब्द दिलेत. एक मीबी दिला. तो देऊन मला आता त्या घरात ताटावर बसता येत नाही.”

गोदामाच्या किल्ल्यांचा जुडगा त्यानं कागदावर ठेवला आणि निघाला. दाराशी क्षणभर उभा राहिला. शेठनी हाक मारावी एवढा वेळ तो उभा होता, हे मी शपथेवर सांगेन. एक ‘चुकलो’ कुणीही टाकला असता तर भागलं असतं. पण एक जण सेलसुद्धा न बदलणारा, आणि दुसरा त्याच्याच हाताखाली तयार झालेला.

संध्याकाळी मी जेवायला गेलो. बोलावणं होतं, आणि न जाण्यानं काही वाचणार नव्हतं. स्वयंपाकघरात पाटरांगोळ्या काढून सहा जणांची पानं मांडलेली होती, दोन लहान वाट्यांसकट. रेखा पोरांना घेऊन चारला आली होती, पण अंकुश मागोमाग येऊन त्यांना उंबऱ्यातूनच घेऊन गेला होता. आत आला नाही. धाकट्या ओमच्या हातात पुरणपोळीचा तुकडा होता, तो तसाच गेला.

“काय झालं तिथं?” वहिनींनी विचारलं. “अंकुश माझ्याकडं बघायलाही तयार नव्हता.”

शेठ पाटावर बसले. “तुझा भाऊ काय बोलला ते ऐकायचंय? म्हणाला, तुमच्या मागं दुसरं आहे कोण. वकिलांसमोर म्हणाला.”

वहिनींच्या हातात आमटीची पळी होती. त्यांनी माझ्याकडे पाहिलं.

“भाऊजी, असं म्हणाला तो?”

“म्हणाला,” मी सांगितलं. “पण त्याच्या आधी शेठ पोरांबद्दल बोलले. शनिवारी येतात ती जागा धरायला येतात, असं. मग तो बोलला.”

“आधी आणि मग,” त्या म्हणाल्या, “हे तुमच्या कागदात असतं, भाऊजी.”

त्यांनी आम्हा दोघांना वाढलं. पोळीवर तूप घातलं, आमटी गरम करून आणली, काही कमी पडू दिलं नाही. मग उरलेली पानं एकेक करून उचलली. मोठी आधी, लहान वाट्या शेवटी. शेठ जेवत राहिले. मीही जेवलो, आमटी उत्तम झाली होती.

आता एवढी वर्षं गेली, सगळी येणीदेणी स्पष्ट दिसतात. टेंडर शेठना मिळालं. तीन वर्षं त्यांनी जत्रा गाजवली आणि पुढच्या खेपेलाही मिळवली. सेल बदलला, सॉफ्टवेअरही विकत घेतलं. अंकुशनं पलीकडच्या तालुक्यात स्वतःचा मांडव काढला. निम्मे कामगार त्याच्याकडे गेले. बोर्डावर चार आणे नाही, अख्खं नाव त्याचं आहे. त्याच्या आदल्या वर्षीचा दर कुणी फोडला हे कधीच कळलं नाही, आणि नंतर कुणाला ते जाणून घ्यायची गरजही राहिली नाही. मोहसीनला आमच्या गावात पुष्कळ गिऱ्हाइकं मिळाली. तो कुणाच्याही कॉम्प्युटरपुढे बसला की आधी तारीख बघतो म्हणे. मला शेठची कामं राहिली आणि अंकुशचीही मिळाली. त्या खोलीतल्या चौघांपैकी तोट्यात कोणीच गेलं नाही.

शालनवहिनींना कुणी कशाची बंदी केली नाही. शेठ म्हणायचे, “जा की भावाकडं, मी कुठं धरून ठेवलंय?” अंकुश माझ्याजवळ निरोप द्यायचा, “आक्काला सांगा, घर तिचंच आहे.” दोघंही मनापासून म्हणायचे. पण ‘तुमच्या मागं दुसरं आहे कोण’ हे वाक्य अंकुशनं शेठना मारलं होतं आणि लागलं होतं वहिनींना. ते घेऊन भावाच्या दारात जायचं, तर नवऱ्यानं त्या पोरांना काय म्हटलं तेही बरोबर न्यावं लागणार. त्या गेल्या नाहीत. पोरांनाही कुणी पाठवलं नाही. शनिवार नुसता शनिवार राहिला.

दोन वर्षांपूर्वी ओमला कॉलेजात प्रवेश मिळाला तेव्हा वहिनींनी माझ्या हाती त्याच्यासाठी शर्टाचं कापड पाठवलं. मी ते अंकुशच्या घरी नेलं. पोरगा उंच झालाय, आवाज फुटलाय, हुबेहूब बाप. त्यानं पुडी हातात घेऊन विचारलं, “कुणी दिलं, काका?”

“आत्यानं,” मी म्हणालो.

त्यानं मान हलवली आणि अदबीनं विचारलं, “त्या कशा असतात आता? मला त्यांचा चेहरा नीट आठवत नाही.”

परत आल्यावर वहिनींनी विचारलं, काय म्हणाला? मी म्हटलं, कापड आवडलं त्याला. त्यांनी मला चहा दिला. एक सही बसली नाही म्हणून दोघे मेहुणे भांडले, एक विकणारा घाबरला, एक मी बघत बसलो. भरलं ते शालनवहिनींनी, ज्या त्या खोलीत नव्हत्याच, आणि त्या अजून भरतायत.